लिंबूटिंबू मशरला चिअर कसं करायचं: इडिटारॉड पहिल्यांदाच फॉलो करणाऱ्यांसाठी

अलास्कात दर मार्चमध्ये इडिटारॉड नावाची कुत्र्यांच्या स्लेडची शर्यत होते. अँकरेजच्या बाजूने निघायचं आणि नोम गावाला पोचायचं, साधारण १,००० मैल म्हणजे १,६०० किलोमीटर, मध्ये अलास्का रेंजचे डोंगर, मग गोठलेली युकॉन नदी, मग बेरिंग समुद्राचा किनारा आणि तिथला वारा. १९७३ पासून चालू आहे. स्लेडवर एकटा माणूस, त्याला मशर म्हणतात, पुढे बारा ते सोळा कुत्री, बस. बायकांचा वेगळा गट वगैरे भानगड नाही, सगळे एकत्रच धावतात. १९२५ मध्ये नोममध्ये साथ आली तेव्हा कुत्र्यांच्या स्लेडवरून तिथे औषध पोचवलं ती गोष्ट सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकलेली असते त्यामुळे ती इथे सांगत बसत नाही.

नवीन लोक बहुतेक वेळा काय करतात, पहिल्या दिवशी यादी उघडतात, सगळ्यात मोठं नाव असेल त्याला धरतात आणि नऊ-दहा दिवसांनी कुणीतरी जिंकलं की विषय संपला. त्यात वाईट काही नाही. पण मजा मागे असते. ज्याच्याकडून कुणाला काही अपेक्षा नाही, हा या यादीत आलाच कसा असा प्रश्न पडतो, असा एखादा लिंबूटिंबू पकडायचा आणि तो नोमला पोचेपर्यंत सोडायचा नाही. अडचण एकच आहे, कॅमेरावाले, बातम्यावाले सगळे पुढच्या पाच जणांबरोबर निघून जातात आणि तुमच्या माणसाची खबर तुम्हालाच काढावी लागते. ती कशी काढायची ते सांगतो.

पायरी १: माणूस निवडा, पण जरा बघून

सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे न्यूटन मार्शल. जमैकाचा, सेंट ॲन भागातला. जमैकात बर्फ बघायचा तर ग्लासात बघायचा. तिकडे डॅनी मेलव्हिल नावाच्या पर्यटन व्यवसायातल्या माणसाने चाकांच्या गाडीला कुत्री जुंपून फेऱ्या सुरू केल्या, कुत्री कुठली तर शेल्टरमधून आणलेली, आणि त्यातून चक्क जमैका डॉगस्लेड टीम उभी राहिली, गायक जिमी बफेटने पैशाची मदत केली. मार्शल कॅनडात जाऊन हान्स गॅटकडे शिकला आणि २००९ मध्ये युकॉन क्वेस्ट धावला. तेव्हा ती पण १,००० मैलांचीच शर्यत होती, आणि बरेच जण तिला इडिटारॉडपेक्षा अवघड मानायचे. हा तिथे १३वा आला. मग पुढच्या वर्षी लान्स मॅकीकडे तयारी करून, त्याच्याच कुत्र्यांची टीम घेऊन इडिटारॉडला उतरला. ७१ टीम सुटल्या होत्या त्यात ४७वा आला. हा मॅकी म्हणजे स्वतः घशाच्या कॅन्सरमधून उठून आलेला माणूस, २००७ ते २०१० सलग चार वर्षं त्यानेच शर्यत जिंकली, म्हणजे गुरू पहिला आणि चेला ४७वा, पण जमैकात त्या ४७ चं कौतुक पहिल्या नंबरापेक्षा कमी नव्हतं.

यातून निवडीचा पहिला नियम निघतो. लिंबूटिंबू म्हणजे हौशी नव्हे. इडिटारॉडला नुसती फी भरून कुणी उभं राहू शकत नाही, आधी पात्रतेच्या शर्यती पूर्ण कराव्या लागतात, त्यामुळे यादीतला सगळ्यात शेवटचा माणूससुद्धा थंडीत शेकडो मैल काढून आलेला असतो. त्याची दया येऊन त्याला निवडू नका.

दुसरं उदाहरण रेचल स्कडोरिसचं. ओरेगन राज्यातली मुलगी, जन्मापासून डोळ्यांचा आजार, कायद्याच्या भाषेत अंध. २००५ मध्ये पहिल्यांदा धावली, युकॉनवरच्या ईगल आयलंडपर्यंत पोचली, कुत्री आजारी पडली म्हणून तिथे सोडून दिलं. २००६ मध्ये परत आली. तिच्या पुढे टिम ऑस्मर नावाचा अनुभवी मशर आपली टीम घेऊन चालायचा आणि फांदी आली, वळण आलं, उतार आला की रेडिओवर सांगायचा. ५७वी आली आणि नोमला पोचली. त्यावेळी यावर भरपूर वाद झाले, अशी मदत द्यावी का, हे नियमात बसतं का. मला विचाराल तर स्लेड तीच सांभाळत होती, कुत्र्यांना खाऊपिऊ तीच घालत होती, त्यामुळे वाद घालणाऱ्यांनी आधी एक रात्र डोळे मिटून बर्फात उभं राहून दाखवावं.

आणि मग जॉन सूटर. हे महाशय १९८८ ते १९९१ चार वर्षं स्टँडर्ड पूडल घेऊन धावले, हो तीच कुरळ्या केसांची कुत्री, हस्कींच्या बरोबरीने काही पूडल. पूर्ण केली शर्यत. पण पूडलच्या केसांत बर्फाचे गोळे धरायचे, झोपली की केस जमिनीला चिकटायचे, आणि शेवटी आयोजकांनी नियमच केला की फक्त थंड प्रदेशाला योग्य अशा उत्तरेकडच्या जातीच चालतील. बरोबर केलं. म्हणून दुसरा नियम: मशर कितीही भन्नाट असू दे, कुत्र्यांच्या जिवावर गंमत चालली असेल तर त्याला टाळ्या नको.

या शर्यतीवर प्राणीहक्कवाले दरवर्षी कडाडून टीका करतात आणि ती हवेतली नाही, २०२४ मध्ये शर्यतीत तीन कुत्री दगावली. बघायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, पण माहीत असलेलं बरं. मी स्वतः माणूस निवडताना त्याने आधीच्या शर्यतीत कुत्र्यांसाठी वेळ घालवलाय का हे बघतो, एखादं कुत्रं लंगडताना दिसलं म्हणून तासन्‌तास थांबलेला माणूस मला दहा नंबर वर असलेल्यापेक्षा जास्त आवडतो.

प्रत्यक्षात निवडायचं कसं, तर इडिटारॉडच्या वेबसाइटवर सगळ्या मशर लोकांची ओळख दिलेली असते. ज्यांच्या नावापुढे रुकी लिहिलंय म्हणजे ज्यांनी ही शर्यत अजून पूर्ण केलेली नाही, ते आधी वाचा. कोण शाळेत शिकवतं, कोण मासेमारी करतं, कोण कुठल्या उबदार देशातून आलंय. दोन-तीन नावं काढा, एकच काढलंत आणि तो तिसऱ्या दिवशी बाहेर पडला तर पुढचा आठवडा काय करणार. यादी आता फार लांबही नसते, २०२३ मध्ये फक्त ३३ टीम होत्या, आतापर्यंतच्या सगळ्यात कमी. एक बारकी गोष्ट, एक नंबरचा बिब, म्हणजे मशरच्या अंगावरचं नंबराचं कापड, कुणाही स्पर्धकाला मिळत नाही, तो सन्मानासाठी राखलेला असतो, नंबर २ पासून सुरू होतात, तेव्हा एक नंबर शोधत बसू नका.

पायरी २: घड्याळ

मार्चच्या पहिल्या शनिवारी अँकरेजमध्ये दिखाऊ सुरुवात होते, ती मोजली जात नाही. खरी शर्यत दुसऱ्या दिवशी रविवारी विलो गावातून, बहुतेक दुपारी २ ला. भारत अलास्काच्या साडेचौदा तास पुढे, म्हणजे आपल्याकडे सोमवारी पहाटे साडेचार. गंमत अशी की अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात, आणि तो रविवार बहुतेक वर्षी शर्यतीच्या अगदी मध्ये येतो, त्या दिवसापासून फरक साडेतेरा तास. हे माहीत नसलं की चेकपॉइंटच्या म्हणजे वाटेतल्या नोंदीच्या थांब्यांच्या वेळा लावताना एक तासाचा घोळ होतो आणि आपला माणूस अचानक स्लो झाला असं वाटायला लागतं. न्यू जर्सी वगैरेवाल्यांना चारच तास, त्यांची ऐश आहे.

कधीकधी बर्फच नसतो आणि सुरुवात फेअरबँक्सला हलवतात, २००३, २०१५, २०१७ आणि २०२५ मध्ये हलवली. तेव्हा फेब्रुवारीत एकदा बातम्या बघून घ्या, रस्ता बदलला की अंतराचे सगळे हिशेब बदलतात.

पायरी ३: दहा-बारा शब्द

यावर वेळ घालवू नका. कुत्र्यांना उजवीकडे वळवायला मशर ‘जी’ म्हणतो, डावीकडे ‘हॉ’, निघायला ‘हाइक’ किंवा नुसतं ‘चला’ या अर्थाचं काहीही. सगळ्यात पुढची लीड डॉग, त्यांच्या मागची स्विंग, स्लेडच्या अगदी जवळची दोन व्हील डॉग, ती अंगाने दणकट असतात कारण वळणावर स्लेडचा झटका त्यांनाच बसतो. पायात घालतात त्या कापडी पिशव्या म्हणजे बूटी. शर्यत सोडली म्हणजे स्क्रॅच. एवढ्यावर काम भागतं.

पायरी ४: ट्रॅकर बघायला शिका, नाहीतर फुकट जीव टांगणीला लागेल

प्रत्येक स्लेडवर जीपीएस असतो आणि नकाशावर ठिपके सरकताना दिसतात, त्यासाठी वर्गणी भरावी लागते. चेकपॉइंटला आत आल्याच्या आणि बाहेर पडल्याच्या वेळा फुकट बघायला मिळतात आणि खरं सांगायचं तर मागच्या माणसाला फॉलो करायला बरेचदा त्या पुरतात. ही काही टी-ट्वेंटी नाही, टेस्ट मॅच आहे, आणि ती पण अशी की अर्धा वेळ फलंदाज झोपलेला असतो.

खरंच. टीम पाच-सहा तास पळते आणि जवळजवळ तेवढाच वेळ विश्रांती घेते. मागच्या टीम तर विश्रांती जास्तच घेतात. त्यामुळे ठिपका चार तास हलला नाही म्हणजे संकट आलं असं नसतं, बहुतेक वेळा मशर झाडाखाली कुत्र्यांना सूप घालत असतो. सहा तास झाले तरी शांत राहा. दहा तास झाले, आणि तो चेकपॉइंट नसून मधलाच कुठलातरी भाग असला, तर मग बातम्या बघायला हरकत नाही.

आता क्रमवारीचा घोळ, हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे म्हणून जरा सावकाश वाचा. प्रत्येक मशरला शर्यतीत एकदा सलग २४ तास थांबावंच लागतं, कुठल्या चेकपॉइंटवर ते त्याने ठरवायचं. बरेच जण मॅकग्राथ, टाकोटनाच्या आसपास थांबतात, काही जण पुढे जाऊन थांबतात. त्याशिवाय युकॉन नदीवर एकदा ८ तास आणि शेवटी व्हाइट माउंटनला ८ तास, हे पण सक्तीचं. तर होतं काय, तिसऱ्या-चौथ्या दिवशी यादीत जो पाचवा दिसतोय त्याने अजून २४ घेतलेलेच नसतात आणि तुमचा तिसावा घेऊन मोकळा झालेला असतो. अर्धा वेळ पळणं अर्धा वेळ आराम धरला तर २४ तासांत टीम बारा तास पळते, ताशी बारा किलोमीटरने १४४ किलोमीटर. म्हणजे समोरच्याने २४ घेतले नसतील तर त्याच्या आघाडीतून दीडशेच्या आसपास किलोमीटर वजा करायचे आणि मग बघायचं कोण कुठे आहे. सगळ्यांचे २४ होईपर्यंत क्रमवारी हा निव्वळ टाइमपास आहे, त्यावर रडायचंही नाही आणि पेढेही वाटायचे नाहीत.

अजून एक बारकावा. टीम दोन-दोन मिनिटांच्या अंतराने सुटतात, मग आधी सुटलेल्याला फायदा नको म्हणून तो फरक याच २४ तासांच्या मुक्कामात वसूल करतात. बिब २ वाला आणि बिब ३५ वाला यांच्यात ६६ मिनिटांचा फरक, तेवढा बिब २ वाला जास्त थांबतो. तुमचा माणूस २५ तास का थांबलाय याचं उत्तर बरेचदा एवढंच असतं.

रस्ता पण वर्षाप्रमाणे बदलतो, सम वर्षी उत्तरेचा, म्हणजे रूबी, गलीना, नुलाटो, आणि विषम वर्षी दक्षिणेचा, शागेलुक, अँविक, ग्रेलिंग. काल्टागला दोन्ही एक होतात. तिथून किनाऱ्यावरच्या उनालाक्लीटपर्यंत मोठा टप्पा, मग शाक्तूलिक, मग गोठलेल्या समुद्राच्या खाडीवरून कोयुक, जवळजवळ ८० किलोमीटर उघड्यावर, आडोसा म्हणून काही नाही.

शाक्तूलिकचं नाव लक्षात ठेवा. १९८५ मध्ये लिबी रिडल्स इथे पहिली पोचली होती, बाहेर वादळ चालू, मागून आलेले लोक म्हणाले या हवेत कोण जातं, आणि ही बाई संध्याकाळी टीम घेऊन एकटी निघाली. रात्र बर्फावर काढली. ही शर्यत जिंकणारी ती पहिली स्त्री ठरली, आणि तोपर्यंत तिला कुणी फारसं धरतही नव्हतं. म्हणून तुमचा मागचा माणूस शाक्तूलिकला थांबून राहिला तरी घाबरू नका आणि निघाला तरी घाबरू नका, वारा बघून तो ठरवतो, आपण घरात बसून उंटावरून शेळ्या हाकायला लागू नये.

वारा काय करू शकतो ते २०१४ मध्ये दिसलं. जेफ किंग सगळ्यात पुढे, शेवटच्या टप्प्यात वाऱ्याने त्याला रस्त्यावरून बाजूला फेकलं, त्याला शर्यत सोडावी लागली. दुसऱ्या नंबरची ॲली झर्कल सेफ्टी नावाच्या शेवटच्या चेकपॉइंटला वारा कमी व्हायची वाट बघत बसली. तिसरा डॅलस सीव्ही त्या वाऱ्यातून थेट निघून गेला, त्याला वाटत होतं आपण तिसऱ्या नंबरसाठी पळतोय, नोमला पोचल्यावर कळलं की जिंकलोय. झर्कल सव्वादोन-अडीच मिनिटांनी मागे.

आणि त्याच वर्षी मागे काय झालं ते बघा. त्या सालात डोंगरातल्या डाल्झेल घळीत बर्फ जवळजवळ नव्हताच, नुसते दगड, बुंधे आणि काचेसारखा आइस, स्लेड मोडल्या, माणसं आपटली. स्कॉट जॅन्सन नावाचा अँकरेजचा मशर, व्यवसायाने अंत्यसंस्कार करणारा, आधी डोक्यावर आपटून बेशुद्ध पडला, उठून पुढे निघाला आणि मग आइसवर घसरून त्याचा घोटाच मोडला. तसाच पडून राहिला. मागून कोण आलं, तर न्यूटन मार्शल. त्याने आपली टीम थांबवली, त्याला आधार दिला, मदत येईपर्यंत त्याची सोय बघितली. ट्रॅकरवर हे कसं दिसणार? एक ठिपका थांबलाय, एवढंच. तेव्हा ठिपका थांबला की लगेच ‘झोपला वाटतं’ असं लिहायची घाई करू नका.

पायरी ५: चेकपॉइंटला तो करतो काय

हे समजलं की वेळा वाचायला मजा येते. टीम गावात शिरते, मशर नाव सांगतो, सही करतो, सक्तीचं सामान दाखवतो, स्लीपिंग बॅग, कुऱ्हाड, बर्फात चालायचे स्नोशूज, कुकर म्हणजे बर्फ वितळवायची शेगडी, बूटी, आणि पशुवैद्याची वही. मग त्याला बाजूला जागा दाखवतात. तिथे तो आधी कुत्र्यांच्या बूटी काढतो, सोळा कुत्री गुणिले चार पाय, चौसष्ट बूटी, बोटं गारठलेली. मग पेंढ्याची गाठ सोडून प्रत्येक कुत्र्याखाली पेंढा पसरतो, कुत्री गोल फिरून त्यात घुसतात आणि नाकावर शेपूट घेऊन पडतात. मग कुकरवर पाणी किंवा बर्फ वितळवायचा, त्यात मांस आणि चरबी टाकून गरम रस्सा, एकेकाला पळीने वाढायचा. एका कुत्र्याला दिवसाला दहा हजारांच्या आसपास कॅलरी लागतात. तेवढ्यात व्हेट येतो, प्रत्येक कुत्र्याचं हृदय, पंजे, सांधे, अंगात पाणी कमी झालंय का, सगळं बघून वहीत लिहितो. मशर कुत्र्यांच्या मनगटांना मलम चोळतो. हे सगळं आटपेपर्यंत दोन तास जातात आणि मग साहेब स्वतः काहीतरी गरम खाऊन तास-दीड तास जमिनीवर आडवे होतात. निघायच्या आधी परत चौसष्ट बूटी चढवायच्या.

नवखा मशर इथेच मागे पडतो. पळण्यात नाही. मुरलेला माणूस ही सगळी कामं झटपट उरकून झोपतो, नवा माणूस पेंढा शोधत, पळी शोधत फिरतो आणि झोप तेवढी कमी होते. तुमच्या माणसाचा चेकपॉइंटवरचा वेळ दिवसागणिक कमी व्हायला लागला आणि तरी पळायचा वेग टिकून असेल तर समजा गडी शिकतोय, क्रमांक काही का असेना. उलट पाच तासांचा टप्पा सात, मग आठ तासांवर जायला लागला तर टीम थकलीये किंवा कुणी आजारी आहे.

वेळांच्या शेजारी कुत्र्यांची संख्या पण येते. ती सोळावरून चौदा, बारा अशी उतरत जाते आणि नव्या लोकांचा जीव खालीवर होतो. दुखावलेलं, थकलेलं, नुसतं खायला कंटाळलेलं कुत्रंसुद्धा मशर चेकपॉइंटवर सोडतो, तिथून स्वयंसेवक वैमानिक छोट्या विमानाने त्याला परत आणतात. शहाणपणाची गोष्ट आहे ही. नोमला पोचताना किमान पाच लागतात.

पायरी ६: घरबसल्या चिअर

शर्यत चालू असताना मशर तुमचे मेसेज वाचत बसत नाही हे आधी लक्षात घ्या. बहुतेकांची पेजेस घरचे किंवा हँडलर, म्हणजे कुत्र्यांच्या कामातले मदतनीस, चालवतात, आणि मागच्या टीमच्या पेजवर कमेंट कमी असतात म्हणून तिथे दोन ओळी लिहिल्या तर त्या खरंच वाचल्या जातात. कुत्र्यांची नावं शिकून घ्या आणि नावाने विचारा, याने ती मंडळी जितकी खूश होतात तितकी कशानेच होत नाहीत. सल्ले देऊ नका. ‘इतका वेळ का थांबलाय’ हे आईला किंवा बायकोला विचारू नका, तीही तोच ठिपका बघत देव पाण्यात घालून बसलेली असते.

पैशाची मदत करायची तर शर्यतीच्या आधी, शरद ऋतूपासून. पहिल्या विसांनंतर नोमला पोचणाऱ्या प्रत्येकाला बरीच वर्षं फक्त १,०४९ डॉलर मिळत आलेत, आणि प्रवेश फीच त्याच्या कितीतरी पट. बऱ्याच टीम बूटी किंवा एखाद्या कुत्र्याचा खर्च प्रायोजित करायची सोय ठेवतात. एका शर्यतीत हजाराच्या वर बूटी फाटतात तेव्हा छोटी रक्कमही कामी येते.

पायरी ७: प्रत्यक्ष जाणार असाल तर

शनिवारी अँकरेजला फोर्थ ॲव्हेन्यूवर, ट्रकने बर्फ आणून रस्त्यावर टाकलेला असतो. इथे प्रत्येक स्लेडमध्ये एक पाहुणा बसतो, ती जागा लिलावात विकतात, आणि मोठ्या नावांची बोली वर जाते पण नवख्यांची त्यामानाने कमी. स्टार्टला खच्चून गर्दी असते म्हणून थोडं पुढे ट्रेलच्या कडेला जा, तिथे लोक शेकोट्या पेटवून, काहीबाही भाजत दिवसभर उभे असतात आणि शेवटच्या बिबलाही तितकाच आरडाओरडा करतात. घरचं कुत्रं बरोबर नेऊ नका. टीमच्या कुत्र्यांना न विचारता हात लावू नका, खायला तर अजिबात देऊ नका. फ्लॅश बंद. नावाने ओरडा, बिबच्या नंबरावरून नाव आधी पाठ करून ठेवा.

बाहेरची मदत चालत नाही, हे मात्र गंभीर आहे. ट्रेलवर तुम्ही प्रेमाने काही दिलंत, काही दुरुस्त करून दिलंत तर त्याच्यावरच कारवाई होऊ शकते. दोन्ही बाजूंनी संपर्क होईल अशा उपकरणांवर पूर्वी बंदी होती आणि २०१५ मध्ये एका मशरला खिशातल्या आयपॉड टचमुळे बाद केलं होतं. तो नियम नंतर सैल झाला, पण नियम काटेकोर असतात एवढं ध्यानात ठेवा. ओरडा, टाळ्या वाजवा, हात लावू नका.

नोमला रस्ता नाही, विमानानेच जावं लागतं, आणि विजेत्याच्या दिवसांत खोल्या मिळणं मुश्किल. लिंबूटिंबूच्या चाहत्याचा इथे फायदा होतो, तुम्ही तीन-चार दिवस उशिरा जा, गर्दी ओसरलेली असते. वेळ काढायची ती अशी: व्हाइट माउंटनला आत आल्याची वेळ बघा, अधिक ८ तास सक्तीचे, मग नोमपर्यंत ७७ मैल म्हणजे १२४ किलोमीटर, मागच्या टीमला हवा बरी असेल तर दहा ते चौदा तास. टीम गावाजवळ आली की भोंगा वाजतो, मध्यरात्र असो की पहाट, आणि लोक कोट चढवून फ्रंट स्ट्रीटवर शर्यत संपते त्या लाकडी कमानीपाशी येतात. पहिल्यासाठी येतात तसे चाळिसाव्यासाठीही येतात, जरा कमी असतात इतकंच.

पायरी ८: स्क्रॅच झाला तर

होतं. दरवर्षी होतं, आणि मागच्यांचं जास्त होतं. काही वेळा मशर स्वतः सोडतो, काही वेळा फार मागे पडला म्हणून अधिकारी त्याला बाहेर काढतात, यादीत या दोन गोष्टी वेगळ्या लिहितात. कारण म्हणून बहुतेक वेळा एकच वाक्य येतं, टीमच्या हितासाठी सोडलं. त्याच्या मागे काय काय असेल ते उकरत बसू नका, काही दिवसांत तो स्वतः सविस्तर सांगतो. त्या दिवशी पेजवर कुत्री कशी आहेत एवढं विचारा. स्कडोरिसने २००५ मध्ये ईगल आयलंडला सोडलं तेव्हा मुलीचं काही खरं नाही म्हणणारे कमी नव्हते, पुढच्या वर्षी ती त्यांच्या नाकावर टिच्चून पोचली.

आणि शेवटचा आला तर

मग तर तुमची लॉटरीच. सगळ्यात शेवटी पोचणाऱ्याला लाल कंदील देतात, रेड लँटर्न, हा रीतसर पुरस्कार आहे. नोमच्या कमानीवर एक दिवा शर्यत सुरू झाल्यापासून जळत असतो. पूर्वी मशर वाटेत असला की रोडहाउसवाले, म्हणजे वाटेवरच्या मुक्कामाच्या खाणावळींचे मालक, दिवा लावून ठेवायचे त्याची ही आठवण. शेवटचा माणूस आत आल्यावर तोच तो दिवा विझवतो. १९७३ मध्ये पहिला आलेला डिक विल्मार्थ २० दिवसांत पोचला होता आणि शेवटचा जॉन शुल्झ ३२ दिवसांत, इतक्या सावकाश लाल कंदील पुन्हा कुणी नेला नाही, आता अख्खी शर्यत दोन आठवड्यांच्या आसपास आटपते. त्यामुळे विजेत्याची बातमी आली की ॲप बंद करायचं नाही, तुमच्या माणसाचं घोडं गंगेत न्हायला अजून तीन-चार रात्री असतात आणि त्याच सगळ्यात चुरशीच्या, कारण मागच्या दोघा-तिघांत कंदील नको म्हणून जी पळापळ चालते ती कुणी दाखवत नाही.

शर्यत संपली की पेज लगेच अनफॉलो करू नका. पुढच्या वर्षीची नावनोंदणी जूनच्या अखेरीस सुरू होते, यादी वाढत जाते तशी अधूनमधून चाळा. तुमचा माणूस त्यात असेल तर त्याच्या नावापुढचा रुकी शब्द गेलाय का तेही बघा, गेला असेल तर यंदा नवा लिंबूटिंबू शोधायला लागा.